ऑलिव्ह: फळाची वाढ, पाण्याचा ताण आणि तेलाचा भरणा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे महिने उत्तर गोलार्धातल्या बागांसाठी आहेत. तिथे फुलोरा साधारण एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत येतो. अर्जेंटिना किंवा ऑस्ट्रेलियातल्या बागेसाठी सहा महिने पुढे मोजा. महिन्यांपेक्षा फुलोऱ्यापासूनचे आठवडे मोजणे कधीही चांगले, कारण एकाच बागेत दोन वाणांचा फुलोरा आठ-दहा दिवसांच्या अंतराने येऊ शकतो.

फळात तेल नेमके कुठे साठते?

जवळजवळ सगळे गरात. पक्व फळातल्या तेलाचा 95 टक्क्यांहून जास्त भाग गराच्या पेशींत असतो. कोयीच्या आतल्या बीमध्ये थोडे तेल असते, कोयीच्या कठीण कवचात नाममात्र. गराच्या पेशीत आधी बारीक थेंब तयार होतात, मग ते एकमेकांत मिसळून मोठा थेंब बनतो आणि पेशीची बरीच जागा व्यापतो.

म्हणून फळ मोठे दिसते की लहान, एवढ्यावर काही ठरत नाही. गर किती, त्यात पेशी किती आणि त्या पेशींना साखर किती दिवस मिळाली, या तीन गोष्टींवर तेल ठरते. पाण्याचा ताण तिन्हींवर परिणाम करतो, पण वेगवेगळ्या वेळी.

तेल कशापासून बनते, आणि पाण्याचा त्याच्याशी काय संबंध?

पानांत तयार झालेली साखर फळात येते आणि तिथे तिचे तेल होते. ऑलिव्हमध्ये ही वाहतूक सुक्रोजच्या (साध्या साखरेच्या) जोडीने मॅनिटॉल या साखरेसारख्याच संयुगाच्या रूपातही होते. तेल ही झाडासाठी महागडी वस्तू आहे: एक ग्रॅम तेल बनवायला साधारण तीन ग्रॅम ग्लुकोज खर्ची पडते, तर एक ग्रॅम स्टार्चला सव्वा ग्रॅमच्या आसपास पुरते.

पाणी कमी पडले की पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येणे घटते आणि साखर कमी बनते. कच्चे फळ हिरवे असल्याने स्वतःही थोडे प्रकाशसंश्लेषण करते, पण तेवढ्यावर तेल भरत नाही.

फळाच्या वाढीचे टप्पे कोणते?

पहिला टप्पा फुलोऱ्यापासून साधारण आठ आठवड्यांचा. यात पेशींचे विभाजन जोरात चालते आणि कोय आपला पूर्ण आकार गाठते. फळधारणाही याच काळात पक्की होते. भरपूर फुलोरा आलेल्या झाडावर शंभर फुलांमागे एक-दोन फळे टिकली तरी पीक चांगले येते, त्यामुळे सुरुवातीची फळगळ पाहून घाबरून जाऊ नये.

दुसरा टप्पा कोय कडक होण्याचा, सर्वसाधारणपणे जुलै ते ऑगस्टची सुरुवात. कोयीचे कवच लाकडासारखे होते, आत बी भरते, फळाची वाढ मंदावते. पुस्तकांतल्या आलेखात इथे वक्र जवळजवळ सपाट दाखवतात. भरपूर पाणी असलेल्या बागेत मात्र तो इतका सपाट नसतो आणि गर हळूहळू वाढतच राहतो. त्या आलेखातल्या सपाटीत उन्हाळी ताणाचाही वाटा असतो.

तिसऱ्या टप्प्यात गराच्या पेशी फुगतात आणि तेल भरते. तेलाची सुरुवात कोय कडक होत असतानाच होते, खरा वेग ऑगस्टपासून येतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तो उतरत जातो.

कोय कडक होऊ लागली हे बागेत कसे ओळखायचे?

धारदार चाकूने. फुलोऱ्यानंतर सहा आठवडे झाले की दर चार-पाच दिवसांनी वेगवेगळ्या झाडांवरून वीस फळे तोडा आणि मधोमध आडवी कापा. सुरुवातीला चाकू कोयीतून सहज जातो. नंतर काही फळांत तो कचकन अडतो, जोर लावला तर कोय चिरते. वीसपैकी निम्म्याहून जास्त फळांत पाते अडले की टप्पा सुरू झाला असे धरा. पाते बोथट असेल तर हीच चाचणी आठवडाभर आधीची तारीख दाखवते, म्हणून दर खेपेला पाते बदला.

ताण पडला की झाडात आधी काय थांबते?

आधी वाढ, नंतर प्रकाशसंश्लेषण. नवी फूट आणि पेशींचे फुगणे अगदी सौम्य ताणालाही थबकते, पण पाने त्यानंतरही बराच काळ साखर बनवत राहतात. तुटीच्या सिंचनाला, म्हणजे मुद्दाम गरजेपेक्षा कमी पाणी देण्याला, वाव मिळतो तो याच फरकामुळे. सौम्य ते मध्यम ताणात फांद्यांची वाढ थांबते, साखर खर्च करणारा एक वाटेकरी कमी होतो आणि फळांचा हिस्सा फारसा घटत नाही. ताण तीव्र झाला की रंध्रे दिवसभर मिटलेली राहतात आणि मग फळालाही काही मिळत नाही.

ऑलिव्ह चिवट आहे हे खरे. खोडाचा जलविभव (झाडातले पाणी किती ओढीखाली आहे त्याचे माप; आकडा जितका उणे, तितका ताण जास्त) उणे 6 मेगापास्कलच्याही खाली गेलेली झाडे जिवंत राहतात. पण जिवंत राहणे वेगळे, तेल भरणे वेगळे. ‘ऑलिव्हला पाणी लागत नाही’ या समजापायी जेवढे तेल बुडाले असेल तेवढे कुठल्या किडीनेही बुडवले नसेल.

कोणत्या टप्प्यातला ताण सर्वांत महाग पडतो?

फुलोऱ्याच्या आधीचा आणि फुलोऱ्यातला ताण फार महाग पडतो. फुलात स्त्रीकेसर नीट तयार होत नाही, नुसती पुंकेसरांची फुले वाढतात आणि फळधारणा घटते. हिवाळी पाऊस बरा झालेल्या भागात हा प्रश्न सहसा येत नाही. कोरड्या हिवाळ्यानंतर मात्र मार्च-एप्रिलमध्येच पाणी सुरू करावे लागते, आणि नेमके तेव्हाच ठिबकची दुरुस्ती राहिलेली असते.

फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांत ताण पडला तर कोय लहान राहते आणि गराच्या पेशींवरही परिणाम होतो. यातली एक बाजू थोडी वेगळी आहे: कोयीची वाढीची मुदत ठरलेली असते, ती गेली की कोय वाढत नाही. गर मात्र पुढे पाणी मिळाले तर बराचसा सावरतो. त्यामुळे सौम्य ताण देऊन नंतर पाणी दिलेल्या फळांत गर आणि कोय यांचे प्रमाण कधीकधी सुधारलेलेही दिसते. म्हणून मुद्दाम या काळात ताण द्यावा असे नाही. फळगळ वाढण्याचा धोका त्या फायद्यापेक्षा मोठा असतो.

कोय कडक होण्याच्या काळातला ताण सर्वांत स्वस्त. पेशी-विभाजनाचा मुख्य भर ओसरलेला असतो, तेलाचा वेग अजून आलेला नसतो, आणि हवेची पाण्याची मागणी मात्र वर्षातली सर्वाधिक असते. म्हणजे वाचवलेले पाणी सर्वांत जास्त आणि नुकसान सर्वांत कमी. कॅलिफोर्निया आणि स्पेनमध्ये तुटीचे सिंचन याच काळाभोवती रचले गेले.

तेल भरण्याच्या काळातला ताण पुन्हा महाग. तो सौम्य असेल तर गर थोडा कमी फुगतो आणि तेलाचे एकूण प्रमाण जेमतेम टिकते. तीव्र असेल तर गरही कमी आणि गरातले तेलही कमी, असा दुहेरी फटका बसतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर यांमधले दोन-तीन आठवडे विशेष जपावेत, कारण तेव्हा रोजचा तेलाचा भरणा सर्वाधिक असतो.

आणखी एक हिशेब पुढच्या वर्षाचा. ऑलिव्ह आदल्या वर्षीच्या फुटीवर फुलतो. या उन्हाळ्यात फूट झालीच नाही, तर पुढच्या वसंतात फुलायला फांदीच नसते. सलग दोन-तीन वर्षे कडक ताण दिलेल्या बागेत नुकसान दिसते ते इथे.

ताणाच्या झाडांवरील फळांत तेलाचा टक्का जास्त येतो. म्हणजे ताण फायद्याचाच ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त फसवतो, म्हणून आकड्यांनीच पाहू.

पाणी मिळालेल्या झाडाची 100 फळे 200 ग्रॅम भरली असे समजा. त्यांत पाणी 60 टक्के, म्हणजे सुके वजन 80 ग्रॅम. सुक्या वजनात तेल 45 टक्के, म्हणजे 36 ग्रॅम. ओल्या वजनावर टक्का 18.

ताणातल्या झाडाची 100 फळे 130 ग्रॅम भरली. पाणी 50 टक्के, सुके वजन 65 ग्रॅम. सुक्यात तेल 42 टक्के, म्हणजे 27.3 ग्रॅम. ओल्या वजनावर टक्का 21.

घाण्यावरची पावती दुसऱ्या झाडाला तीन टक्क्यांनी वरचढ ठरवते. प्रत्यक्षात फळांच्या त्याच संख्येमागे तेल 8.7 ग्रॅमने, म्हणजे सुमारे 24 टक्क्यांनी, घटले आहे. वाढला तो टक्का तेलाने नव्हे, पाणी उडून गेल्याने.

त्यामुळे ओल्या वजनावरचा टक्का दोन बागांची किंवा दोन आठवड्यांची तुलना करायला वापरू नये. तो घाण्याशी हिशेब करायला ठीक आहे. बागेतले निर्णय घ्यायचे तर दोन आकडे पुरतात: सुक्या वजनावरचा टक्का आणि एका फळातले तेल ग्रॅममध्ये. त्याला झाडावरच्या फळांच्या अंदाजी संख्येची जोड दिली की झाडामागचे तेल कळते.

हे आकडे काढायला नमुना कसा घ्यायचा?

ठरलेल्या दहा-पंधरा झाडांवरून, छातीच्या उंचीवर, चारही बाजूंनी मिळून एक ते दीड किलो फळे तोडा. वेळ सकाळची आणि दर वेळी तीच. दुपारी तोडलेली फळे आकसलेली असतात आणि वजन फसवते. फळे पिशवीत तोंड बांधून सावलीत न्या, त्याच दिवशी 100 फळे मोजून वजन करा. मग कुटून लगदा करा, त्यातला थोडा वजन करून 105 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. तेल सॉक्सलेट पद्धतीने (द्रावकात विरघळवून) किंवा प्रयोगशाळेतल्या एनएमआर अथवा एनआयआर यंत्रावर मोजतात. ऑगस्टअखेरपासून दर दहा दिवसांनी एक नमुना पुरे.

चूक बहुधा तोडणीतच होते. हाताला येतात ती मोठी, बाहेरच्या बाजूची, उन्हातली फळे तोडली जातात. झाडाच्या आतल्या सावलीत फळ लहान आणि तेलाने कमी असते. ती गाळली तर नमुना बागेपेक्षा श्रीमंत निघतो.

ताण मोजायचा कसा? माती हाताने बघून चालणार नाही का?

माती बघणे उपयोगी आहे, पण ठिबकच्या बागेत ओला गोळा एका जागी आणि मुळे तीन जागी असतात. झाडालाच विचारणे बरे. त्यासाठी प्रेशर चेंबर, म्हणजे कापलेल्या शेंड्यावर वायूचा दाब देऊन पाणी बाहेर काढणारे यंत्र, वापरतात आणि मोजतात तो भर दुपारचा खोडाचा जलविभव. ऑलिव्हचे देठ आखूड असल्याने एकट्या पानाऐवजी पाच-सहा पानांचा लहान शेंडा घेणे सोयीचे.

खोडाजवळचा, सावलीतला शेंडा निवडून त्यावर ॲल्युमिनियमच्या अस्तराची पिशवी निदान एक तास चढवून ठेवा. त्या वेळात पानातून पाणी उडणे थांबते आणि शेंडा खोडाशी समतोल होतो. सूर्य माथ्यावर असण्याच्या वेळेच्या एक तास अलीकडे-पलीकडे मोजणी उरका. ब्लेडने एकदाच, स्वच्छ काप घ्या आणि मिनिटाच्या आत, पिशवीसकट, चेंबरमध्ये बसवा. नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवा. कापावर पाण्याचा पहिला थेंब चमकला की दाब वाचा. वाचलेल्या दाबाला उणे चिन्ह लावले की झाला जलविभव. 10 बार म्हणजे 1 मेगापास्कल. एका भागात पाच-सहा झाडे, प्रत्येकी दोन शेंडे घ्या.

बिघडते ते असे: दाब घाईने वाढवला तर थेंब दिसेपर्यंत सुई पुढे गेलेली असते आणि ताण आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. पिशवी न लावता मोजले तरी तसेच. कापावर फेस आला तर तो थेंब नव्हे. फेस टिपून घ्या आणि खरे पाणी येईपर्यंत थांबा. रबरी सील सैल असेल तर बाजूने वायू निसटून बुडबुडे येतात.

आकडे आले. त्यांचा अर्थ कसा लावायचा?

कोय कडक होण्याआधी उणे 1.2 मेगापास्कलच्या आसपास आणि नंतर उणे 1.4 च्या आसपास असेल तर झाड तृप्त आहे. उणे 2 पर्यंतचा ताण सौम्य. उणे 2 ते उणे 3 मध्यम, आणि तो कोय कडक होण्याच्या काळात चालवून घेता येतो. उणे 3.5 च्या खाली तीव्र ताण, तिथे फळ आकसू लागते. तेल भरण्याच्या काळात उणे 2 च्या वर राहण्याचा प्रयत्न करावा.

भट्टीसारख्या कोरड्या दिवशी भरपूर पाणी दिलेले झाडही दोन-तीन दशांश खाली जाते. एका दिवसाच्या आकड्यावर व्हॉल्व्ह फिरवू नका, आठवड्याचा कल पाहा.

एका झाडाला पाणी किती द्यायचे?

रोजची गरज म्हणजे संदर्भ बाष्पोत्सर्जन × पीक गुणांक × आच्छादन गुणांक. संदर्भ बाष्पोत्सर्जन म्हणजे त्या हवामानात प्रमाण गवताळ जमिनीतून रोज उडणारे पाणी. पीक गुणांक म्हणजे ऑलिव्हची गरज त्याच्या किती पट, आणि आच्छादन गुणांक म्हणजे झाडांनी जमीन किती झाकली त्याचा हिशेब. ऑलिव्हचा पीक गुणांक बहुतेक ठिकाणी 0.55 ते 0.65 धरतात. झाडांची सावली जमिनीच्या निम्म्याहून कमी भागावर पडत असेल तर आच्छादन गुणांक म्हणजे त्या टक्केवारीच्या दुप्पट भागिले 100.

उदाहरणार्थ, संदर्भ बाष्पोत्सर्जन रोज 6 मिलिमीटर, पीक गुणांक 0.6, सावली 35 टक्के, म्हणजे आच्छादन गुणांक 0.7. गुणाकार 2.52 मिलिमीटर. लागवड 7 × 5 मीटर असेल तर झाडाला 35 चौरस मीटर येतात आणि गरज होते रोज सुमारे 88 लिटर. ताशी 4 लिटरचे चार ड्रिपर असतील तर साडेपाच तास. यातून पाऊस आणि मातीत साठलेली ओल वजा करायची.

तुटीच्या सिंचनाचे वेळापत्रक कसे असते?

फुलोऱ्यापासून कोय कडक होऊ लागेपर्यंत पूर्ण गरज. कोय कडक होण्याच्या काळात गरजेच्या 25 ते 50 टक्के. तेल भरू लागल्यावर 75 ते 100 टक्के. काढणीच्या आधी पुन्हा आखडते.

कपात करताना रोजचे साडेपाच तास दोनवर आणू नका. थोडे थोडे रोज दिलेले पाणी वरच्या थरात राहून उडून जाते. पाळी तेवढीच लांब ठेवा, पाळ्या कमी करा. 40 टक्के द्यायचे तर पाच दिवसांतून दोनदा पूर्ण पाळी.

मातीप्रमाणे वेळापत्रक सरकते. हलक्या, उथळ जमिनीत पाणी कापल्यावर आठवड्याभरात ताण दिसतो, भारी आणि खोल जमिनीत तीन-चार आठवडे काहीच होत नाही. भारी जमिनीत कोय कडक झाल्यावर कपात सुरू केली, तर झाडाला ताण जाणवतो तो नेमका तेल भरण्याच्या काळात. तिथे कपात आधी सुरू करावी लागते आणि चेंबरशिवाय ती करणे म्हणजे अंधारात गोळी मारणे. घन कुंपण-लागवडीच्या बागांत, जिथे हेक्टरी आर्बेक्विना किंवा कोरोनेइकी या वाणांची दीड-दोन हजार झाडे असतात, प्रत्येक झाडाच्या वाट्याची माती थोडी असते, म्हणून ताण लवकर येतो आणि पाणी दिल्यावर उतरतोही लवकर.

ताणानंतर पाणी दिले, दोन दिवसांत फळे फुगली. मग तेलही भरून निघाले?

फुगले ते पाणी. सुरकुतलेले फळ रात्रीत टवटवीत होते, पण मधल्या काळात न बनलेले तेल असे परत येत नाही. तेलाच्या टक्क्याच्या वरच्या उदाहरणातल्या पहिल्या झाडाची 100 फळे सुकून 160 ग्रॅमवर आली तर टक्का 22.5 दिसेल. पाऊस पडून ती 210 ग्रॅम झाली तर 17.1. दोन्ही वेळा तेल 36 ग्रॅमच.

जलविभव काही दिवसांत सावरतो. पर्णरंध्रे मात्र मागे राहतात, कडक ताणानंतर ती पूर्ववत उघडायला आणखी काही दिवस ते दोन आठवडे घेतात. म्हणून पाणी तेलाचा वेग येण्याच्या दिवशी नव्हे, त्याच्या दोन-तीन आठवडे आधी पूर्ववत करावे. पहिल्या काही पाळ्या रोजच्या गरजेपेक्षा मोठ्या द्याव्या लागतात, कारण आधी मातीच पाणी पिऊन घेते.

फुलोरा यावा म्हणून ऑलिव्हला ताण द्यावा लागतो का?

नाही. काही फळझाडांत बहार धरण्यासाठी पाणी तोडतात. ऑलिव्हला फुलण्यासाठी हिवाळ्याची थंडी लागते.

यंदा झाडे लदली आहेत. पाण्याचे गणित बदलते का?

बदलते. लदलेल्या झाडाची रंध्रे जास्त उघडी राहतात, ते पाणी जास्त खर्च करते आणि ताणात लवकर जाते. साखर अनेक फळांत वाटली गेल्याने फळ लहान, पिकणे उशिरा आणि सुक्या वजनावरचा तेलाचा टक्काही थोडा कमी राहतो. अशा वर्षी कपात सौम्य ठेवावी. विरळ पिकाच्या वर्षी उणे 3 पर्यंत सहज जाता येते, आणि तेव्हा भरपूर पाणी दिले तर ते फांद्या वाढवण्यात जाते, ज्या पुढे छाटाव्याच लागतात. पाणी कमी असेल तर ते लदलेल्या भागाकडे वळवा. सगळीकडे सारखे वाटणे न्यायाचे वाटते, तेलाच्या हिशेबात बसत नाही.

उष्णता आणि ताण यांचे परिणाम वेगळे कसे काढायचे?

बागेत ते बहुतेक एकत्रच येतात. फरक असा की उष्णता पाणी असतानाही तेल कमी करते. तेल भरण्याचा काळ जितका उष्ण, तितका तेलाचा टक्का कमी आणि त्यातले ओलिक आम्लही (ऑलिव्ह तेलातले मुख्य फॅटी आम्ल) कमी. वायव्य अर्जेंटिनातल्या उष्ण खोऱ्यांत आर्बेक्विनाच्या तेलात ओलिक आम्ल आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या 55 टक्के या किमान मर्यादेच्या खाली गेलेले आढळते, आणि तिथल्या बागा ओलिताच्या आहेत. पाण्याच्या ताणाचा फॅटी आम्लांवरचा परिणाम त्या मानाने किरकोळ. तेव्हा झाड उणे 1.5 वर असूनही तेल कमी भरत असेल तर दोष पाण्याला देऊ नका. वाण पाहा, फळांचा भार पाहा, आतल्या फांद्यांवर ऊन पडते का ते पाहा.

फळ सुरकुतले म्हणजे पाणीच कमी, असे समजायचे का?

आधी सकाळी पाहा. ताणाची सुरकुती झाडभर असते, दुपारी वाढते आणि सौम्य असेल तर पहाटेपर्यंत उतरते. फळावर खोलगट डाग असून त्यावर नारिंगी चिकट द्रव दिसला तर ती अँथ्रॅक्नोजची बुरशी. टोकाकडून वेडेवाकडे, चेपल्यासारखे फळ बोरॉनच्या कमतरतेचे असू शकते. थंडीच्या लाटेनंतर अचानक, तेही बागेच्या सखल भागात, सुरकुती आली तर ती गारठ्याची. तशी फळे लगेच काढून घाण्यावर नेलेली बरी, कारण तेलाची प्रत झपाट्याने घसरते.

खतांचा काही संबंध?

पालाशचा आहे. पालाश कमी असलेल्या झाडाला रंध्रे नीट मिटता येत नाहीत, ते ताणातही पाणी उधळते. जुलैमध्ये फळे नसलेल्या चालू फुटीच्या मधली पाने तपासा: सुक्या वजनावर 0.8 टक्क्याच्या वर पालाश हवा, 0.4 च्या खाली कमतरता निश्चित. कोरड्या जमिनीत मुळे पालाश उचलत नाहीत, म्हणून कोरडवाहू बागेत जमिनीतून देण्यापेक्षा फवारणी कामाला येते.

ताणाचे तेल चवीला वेगळे लागते ते का?

ताणात फळातली फिनॉले, म्हणजे तेलाला कडवटपणा आणि टिकाऊपणा देणारी संयुगे, वाढतात. तेल जास्त कडवट, घशाला तिखट आणि टिकाऊ होते. भरपूर पाण्याच्या बागेचे तेल सौम्य असते. आर्बेक्विनासारख्या मुळातच मवाळ वाणात मध्यम ताणाने चवीला धार येते, पिकुआल किंवा कोरोनेइकीत ती मुळातच असते आणि जास्त ताणात कडवटपणा अतिरेकी होतो. चवीसाठी ताण द्यायचा असेल तर तो किती किलो तेल सोडून मिळतोय, हे आधी मोजा.

बागेच्या नमुन्यात तेल चांगले आले, घाण्यावर उतारा कमी पडला. चूक कुणाची?

बहुधा काढणीआधीच्या पाण्याची. फळात पाणी 55 टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर लगदा चिकट होतो, तेल आणि पाणी घट्ट मिसळून बसतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये सुटत नाहीत. तेल पेंडीतून निघून जाते. पिकुआल आणि ओहिब्लांका या वाणांच्या लवकर काढलेल्या फळांत हे फार दिसते. घाण्यावर उपाय म्हणजे लगदा 30 ऐवजी 45 मिनिटे, 27-28 अंशांच्या आत घोळवणे, आणि एक-दोन टक्के शुद्ध टाल्क (मऊ खनिज भुकटी) घालणे. तापमान वाढवून तेल सोडवता येते, पण सुवास जातो.

बागेतला उपाय स्वस्त आहे. हलक्या जमिनीत काढणीच्या आठवडाभर आधी, भारी जमिनीत दोन आठवडे आधी पाणी थांबवा. मोठा पाऊस झाला तर शक्य असल्यास चार-पाच दिवस काढणी लांबवा. मात्र महिनाभर आधीच पाणी तोडू नका. फळे आकसतील, टक्का वाढेल, पावती छान दिसेल आणि शेवटचे तेल भरायचे राहून जाईल.

काढणी कधी सुरू करायची?

सुक्या वजनावरचा टक्का सलग दोन नमुन्यांत वाढला नाही की तेलाचा भरणा संपला. त्यानंतर ओल्या वजनावरचा टक्का वाढतच राहतो, पण तो फळ सुकल्याने. पुढे थांबल्याने तेल मिळत नाही, गळ वाढते, फिनॉले घटतात आणि उशिरापर्यंत लटकलेली फळे पुढच्या वर्षीचा फुलोराही कमी करतात.

प्रयोगशाळा जवळ नसेल तर पक्वता निर्देशांक वापरा. 100 फळे घेऊन त्यांना गुण द्या: गडद हिरवे 0, पिवळट हिरवे 1, निम्म्याहून कमी साल रंगलेली 2, निम्म्याहून जास्त 3, साल काळी पण गर पांढरा 4, गर निम्म्यापर्यंत जांभळा 5, निम्म्याच्या पुढे पण कोयीपर्यंत नाही 6, कोयीपर्यंत जांभळा 7. प्रत्येक गुण त्या गटातल्या फळांच्या संख्येने गुणा, बेरीज करून 100 ने भागा. 1 गुणाची 10, 2 ची 30, 3 ची 40 आणि 4 ची 20 फळे असतील तर निर्देशांक 2.7.

बऱ्याच वाणांत 3 ते 4 च्या दरम्यान तेल भरून झालेले असते. ताणाच्या वर्षी आणि विरळ पिकाच्या वर्षी रंग लवकर चढतो, म्हणून तेव्हा रंगावर भरवसा ठेवून काढणी केली तर तेल भरण्याआधीच झाडे रिकामी होतात. आर्बेक्विना आणि उशिरा रंगणाऱ्या इतर वाणांत उलटा घोटाळा होतो: तेल कधीच भरलेले असते आणि फळ अजून हिरवेच दिसते. अशा वाणांत दोन हंगाम रंगाचे गुण आणि सुक्या वजनावरचे तेल शेजारी शेजारी लिहून ठेवा, म्हणजे त्या बागेपुरता कोणता निर्देशांक खरा ते कळते.